जनकाबाईच्या अंगणातलं यंत्र

फाल्गुन सरत आला की चिंचटाकळीच्या वस्तीतल्या बायका पाण्याच्या घागरींवर फडकी बांधून ठेवायच्या. घागर उघडी राहिली तर संध्याकाळी पाण्यावर सायीसारखी पांढरी खपली धरायची. वस्तीच्या मावळतीला, हाकेच्या अंतरावर, तातेरावाची चुनाभट्टी होती. कालव्याच्या कामाला चुना लागू लागला तेव्हापासून ती उन्हाळाभर रात्रंदिवस जळायची, आणि उन्हाळ्यात वारा मावळतीचा. भट्टीतून निघालेलं सगळं सरळ वस्तीच्या डोक्यावर यायचं.

भट्टीकडून आलं की पहिलं घर जनकाबाईचं. तिच्या नवऱ्यानं, रामजीनं, त्या भट्टीवर उमर घालवली होती. चुनखडी फोडली, घमेली वाहिली, भाजलेला चुना उपसला. आता तो ओसरीत बाजेवर बसून असायचा. बसूनच. आडवं झालं की त्याचा दम कोंडायचा, म्हणून झोपही भिंतीला पाठ लावून, मांडीवर उशी घेऊन. त्याच्या छातीची शिट्टी ऐकत जनकाबाई जागी राहायची. भट्टीवरची त्याची जागा आता पोरानं, कोंडीबानं घेतली होती. जिनं बापाला खाल्लं तिच्याच तोंडी पोराला द्यायचं, हे जनकाबाईला खुपायचं. पण बारमाही काम देणारी जागा तेवढी एकच होती, आणि पोट काही हवेवर भरत नाही.

वस्तीनं वसमतला अर्ज दिला होता, की भट्टी वस्तीपासून लांब हलवा. अर्जाचं काय झालं कोणाला कळलं नाही. मग एका सकाळी धुरळा उडवत जीप आली आणि तिच्यातून नागपूरचा एक साहेब उतरला. त्याच्या मागं एक यंत्र उतरलं. धान्याच्या कोठीएवढं, वर टिनाचं उतरतं छप्पर. विजेचा खांब वस्तीत एकच, तो जनकाबाईच्या दारासमोर, म्हणून यंत्र तिच्या अंगणात बसलं.

"हे काय करतं, साहेब?" रामजीनं बाजेवरूनच विचारलं.

"हवा ओढतं. आत पांढरा कागद असतो. हवेत जे असेल ते त्या कागदावर बसतं. कागद रोज बदलायचा आणि शेवटी सगळे तोलायचे. हवा फार वाईट निघाली तर भट्टी हलवायला सांगता येईल."

"आन् चांगली निघाली तर?"

"तर नाही सांगता येणार."

साहेबानं हे सरळच सांगितलं. पण जनकाबाईला सरळ बोलणाऱ्या माणसाचाच जास्त संशय यायचा. दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकून पिणारच. साहेब मुक्कामाला कुठं उतरला याची तिनं चौकशी केली, तर तातेरावाच्या माडीवर. गावात परक्या अधिकाऱ्याला उतरायला दुसरी जागाच नव्हती, ही गोष्ट तिनं कानाआड केली.

"झालं," ती सुनेला म्हणाली. "ज्याची भट्टी त्याचाच चहा. आता कागद कसा निघतो ते बघ, पद्मा."

यंत्र चालवायला साहेबाबरोबर शंकरसिंग नावाचा माणूस होता. उंच, मिशाळ, हिंदी बोलणारा. त्यानं यंत्राशेजारी बांबू रोवून त्यावर टिनाचा बाण बसवला. बाण वाऱ्यानं गरगर फिरला आणि उगवतीकडं तोंड करून थांबला.

"तीर जिधर देखेगा, हवा उधर से आती है," त्यानं सांगितलं.

"ते आमाला बाणाबगर कळतं," जनकाबाई पुटपुटली.

साहेबानं आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिनं वस्तीत खळबळ उडाली. यंत्र चालू आहे तोवर आजूबाजूच्या घरांनी चूल पेटवायची नाही. चुलीचा धूर कागदावर बसला, तर उद्या भट्टीवाला म्हणेल की हा धूर तुमचाच. बोलणं पटण्यासारखं होतं. पण चूल थंड राहते ती मयताच्या घरात. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"मी जित्ता हाय अजून," रामजी म्हणाला. "माझ्या म्होरं चूल इझवता व्हय?"

"आवं, तुमच्यासाठीच इझवून राहिले ना," जनकाबाई म्हणाली. "भट्टी हलली तर चार रोज नीट निजसाल."

सगळ्या घरांच्या भाकरी वस्तीच्या पार टोकाला, रुक्माबाईच्या घरी व्हायच्या असं ठरलं. पद्माबाई लेकरू कडेवर घेऊन भाकरीची टोपली तिकडून आणायची. भाकरी येईपर्यंत गार, कालवण त्याहून गार. आणि जनकाबाई काय करायची, तर सकाळ-संध्याकाळ शेजाऱ्यांच्या घरात शिरून चुलीतल्या राखेवर हात ठेवून बघायची.

"आमी काय चोर हावोत का?" नर्मदाबाई एकदा भडकली. तिचं घर जनकाबाईच्या भिंतीला लागून. "तुझ्यापायी लेकरं गार तुकडे खाऊन राहिली, आन् वरून राख चाचपतीस?"

"राख ऊन लागली."

"उन्हानं लागली! कवाड उघडं हाय, दिसत न्हाई का?"

उन्हानं तापली असेल किंवा नसेल. जनकाबाईनं राखेवर तांब्याभर पाणी ओतलं तेव्हाच तिचं समाधान झालं, आणि नर्मदाबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं.

थंड चुलींची बातमी वाऱ्याच्या आधी फिरते. शिरड शहापूरला रामजीची बहीण द्वारकाबाई दिली होती. बाजारात तिला कोणीतरी सांगितलं की रामजीच्या घरची चूल बंद आहे. तिनं काही विचारलं नाही. भाकरी थापल्या, पिठलं घेतलं, आणि एसटीतून उतरली ती वेशीपासूनच गळा काढत आली. "माझ्या दादा रे! मला न सांगता गेलास रे!"

अंगणात येऊन बघते तर दादा बाजेवर बसून तिच्याकडंच बघतोय.

"द्वारके, मी हितं बसेल हाय," रामजी म्हणाला. "काय आणलंस टोपल्यात?"

द्वारकाबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं रडण्याचा सूर तसाच जनकाबाईवर वळवला. "भावजय, तुला काही वाटतं का? माणूस जित्ता असताना कडू घास आणाया लावलास!"

रामजीनं मात्र तो कडू घास मिटक्या मारत खाल्ला. वस्ती दोन दिवस हसत होती. जनकाबाई हसली नाही. तिचं सगळं लक्ष यंत्राच्या छपराकडं होतं.

कारण कागद पांढरे निघत होते.

रोज सकाळी साहेब यायचा, शंकरसिंग छप्पर उचलायचा, चिमट्यानं कागद काढायचा. नवा घातलेला आणि जुना काढलेला यांत फरक तो केवढा, तर धुतलेलं धोतर आणि एक दिवस नेसलेलं धोतर. तिकडं भट्टी तर धडधडून जळत होती. रात्री तिचा लाल उजेड ओढ्यापलीकडच्या चिंचांवर दिसायचा. तातेरावानं ती विझवली नव्हती, मंद केली नव्हती, आणि जनकाबाईला सगळ्यात जास्त सलत होतं ते हेच. ज्याची मान सुरीखाली आहे तो माणूस असा मिशीला पीळ देत कसा हिंडतो? बाण रोज उगवतीकडं तोंड करून उभा असायचा. यंदा मावळतीचा वारा लांबला होता. भट्टीचा धूर अंगणाकडं न येता उलटा, ओढ्यावरून तातेरावाच्याच रानात जात होता.

"साहेब, कागद काहून पांढरा?" तिनं शेवटी विचारलंच.

"वारा बघा ना, बाई. धूर तिकडं चाललाय. वारा फिरेपर्यंत थांबू आपण. मी काही दिवस वाढवून घेतलेत."

हे ऐकून कोणीही गप्प बसलं असतं. जनकाबाईला वाटलं, थांबू म्हणतो आणि एक दिवस जीप भरून निघून जाईल. वस्तीला कालव्याचं पाणी देतो म्हणणारे असेच गेले होते, खांबावरचा दिवा लावतो म्हणणारेही. त्यातच तिनं शंकरसिंगाला भट्टीवरच्या माठातलं पाणी पिताना पाहिलं. उन्हातानाचा माणूस, तहान लागली, प्यायला. पण जनकाबाईच्या डोक्यात किडा वळवळला.

संध्याकाळी कोंडीबा कामावरून आला. चुन्यानं त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. ती त्याच्या पुढ्यात जाऊन बसली.

"तुझ्या मालकानं सायबाला काय चारलं?"

"मला काय ठावं, माय?"

"तुला ठावं न्हाई? का सांगायचं न्हाई?"

कोंडीबानं हातातला तांब्या खाली ठेवला. "माय, भट्टी हलली तर माझं काम जाईल म्हणून मी मालकाकडून हाय, असं वाटतं का तुला?"

जनकाबाईनं नजर यंत्राकडं वळवली. तेच तिला वाटत होतं. कोंडीबा न जेवता उठला आणि ओट्यावर जाऊन पडला. आपण पोराला दुखावलं हे तिला कळलं, पण कळून वळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंकरसिंग जेवायला माडीवर गेला. अंगणात कोणी नव्हतं. यंत्र माशा घोंगावाव्यात तसं घोंगावत होतं. रामजी भिंतीला टेकून डोळे मिटून होता, छातीची शिट्टी चालू होती. कोंडीबाची कामाची कालची बंडी कुंपणावर पडली होती. ती रोज दगडावर आपटून झटकायची हा जनकाबाईचा नेम. रोज ती वाऱ्याकडं पाठ करून, अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात झटकायची.

त्या दिवशी ती यंत्रापाशी गेली.

तिच्या मनात पाप होतं असं म्हणवत नाही. तिच्या हिशेबानं ती खोट्याला खरं करत होती. जो चुना माझ्या नवऱ्याच्या छातीत आहे तोच ह्या बंडीत आहे. यंत्राला चारून कोणी आंधळं केलं असेल, तर मी त्याला दाखवते. तिनं बंडी छपराखालच्या फटीशी धरली आणि झटकली. पांढरा लोट उठला आणि यंत्रानं तो गपकन आत ओढला. ती दचकली, मागं सरली, आजूबाजूला बघितलं. कोणी बघितलं नव्हतं. मग तिनं आणखी एकदा झटकली.

पहाटे तिला जाग आली ती खोकल्यानं. स्वतःच्याच. दार उघडून बघते तर बाण फिरला होता. मावळतीचा वारा सुटला होता आणि तोही जोरात. घागरींवरची फडकी पांढरी, केळीचं पान पांढरं, लेकराच्या झोळीवर पांढरा थर. रामजीला तर बोलवत नव्हतं, तो दोन्ही हात बाजेवर रोवून श्वास खेचत होता. जनकाबाईला नवऱ्याचं तसं होणं बघवत नव्हतं, आणि त्याच वेळी तिला आनंदही झाला होता. आता दिसू दे सायबाला.

साहेब आला तेव्हा तातेरावही त्याच्याबरोबर होता. पांढरंशुभ्र धोतर, नाकावर रुमाल. निम्मी वस्ती अंगणात जमली. शंकरसिंगनं छप्पर उचलून कालचा कागद काढला. पहाटेची बारीक पांढरी धूळ कागदभर सारखी होती, आणि तिच्याखाली एका बाजूला चुन्याचा जाड पट्टा. बोट लावलं तर बोटाला येईल असा.

साहेबानं कागद बराच वेळ बघितला. "काल वारा कुठला होता, शंकरसिंग?"

"पूरब का, साब. रात भर पूरब का."

"म्हणजे वारा इकडून भट्टीकडं चालला होता. मग धुळीखालचा हा भट्टीचा चुना वाऱ्याला मागं सारून इथं आला कसा?"

जनकाबाईला वाटत होतं की यंत्राला फक्त धूळ दिसते. वाराही मांडून ठेवलेला असतो आणि दोन्ही एकमेकांवर घासून बघतात, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

तातेराव हसला. "मी म्हणलं नव्हतं का, साहेब? ही माणसं काहीबी करतील. माझ्याच भट्टीवरचा गडी ह्या घरात हाय. काय रे कोंड्या, खिशात घालून आणलास का चुना?"

कोंडीबाची मान खाली गेली. त्यानं आईकडं बघितलं. त्याला कळलं होतं, बंडी त्याची होती. पण त्यानं पुन्हा मान खाली घातली. परवा जिनं त्याच्यावर संशय घेतला तिला तो वाचवत होता.

"त्यानं न्हाई," ती पुढं आली. "म्या टाकलं. बंडी झटकली म्या. साहेब, कालचा कागद खोटा हाय. पर आजचा खरा हाय! आज वारा फिरला, बाण बघा, आज कोणी हात लावला न्हाई. आजचं तेवढं धरा!"

"ऐक, जनके," तातेराव म्हणाला. "काल खोटं केलं ते कबूल करतीस, मग आज खरं कशावरून?"

जमलेल्यांत नर्मदाबाई होती. जिच्या राखेवर जनकाबाईनं पाणी ओतलं ती नर्मदाबाई. तिनं तोंडाला पदर लावला आणि घरात निघून गेली.

साहेबानं कागद पाकिटात घातला. तो चिडला नव्हता, आणि तो चिडला असता तर बरं झालं असतं. "मला पटतंय, बाई, आजचं खरं आहे. माझ्याही डोळ्यांत जातंय ना. पण वर जे वाचतील ते इथं उभे नसतील. आता यंत्र इथं ठेवता येणार नाही. जिथं कोणाचा हात पोचणार नाही अशा जागीच ठेवावं लागेल."

"कुठं?"

"शाळेच्या छतावर. वीज तिथं आहे."

शाळा गावाच्या पार मावळतीच्या टोकाला. भट्टी तिच्या उगवतीला. मावळतीचा वारा शाळेवरून गावात, गावातून रानात, रानातून भट्टीवर आणि भट्टीवरून वस्तीत यायचा. शाळेवर यायचा तो नुसता पळसाच्या माळावरचा, कोरा.

"तिथं तर चुन्याचा कण बी येत न्हाई, साहेब!"

"मी वाऱ्याची नोंद लिहीन," साहेब म्हणाला. "पण वाचणारे आकडा वाचतात." तो तिच्या नजरेला नजर देऊ शकला नाही.

तातेरावानं तिथंच कोंडीबाला कामावरून काढलं. मोठ्यानं, सगळ्यांदेखत. यंत्र बैलगाडीत चढलं. अंगणात त्याच्या पायांचे खळगे राहिले.

त्यानंतर वारा काही थांबला नाही. रामजीची अवस्था बघवेना. जनकाबाई त्याच्यापाशी बसून राहायची, छाती चोळायची, आणि स्वतःला बोल लावायची. वारा एका रात्रीत फिरणार होता, मी थांबले नाही. एक रात्र! असं म्हणून कपाळावर हात मारायची.

"कोंडीबाची माय," रामजी एका सकाळी म्हणाला, "मला शाळंवर न्या. मी सांगतो सायबाला. म्या तिथं काम केलं, मी सांगतो."

"तुमचं कोण ऐकतं?"

"ऐकू दे न्हाईतर न ऐकू दे. सांगतो तर."

कोंडीबानं बापाला पाठीवर घेतलं. किती हलका झालाय बाप, असं त्याच्या मनात आलं असेल. मायलेकांत त्या दिवसापासून बोलणं कमीच होतं. तिघं भट्टीच्या बाजूनं, ओढ्यातून, गावातून शाळेपाशी पोचले. सकाळची शाळा सुटली होती. छतावर यंत्र घोंगावत होतं, बाण माळाकडं तोंड करून उभा होता. साहेब यायचा होता. कोंडीबानं बापाला व्हरांड्यात खांबाला टेकवून बसवलं आणि तो पाणी आणायला हापशावर गेला.

जनकाबाई छताकडंच बघत बसली होती. आज कागद कसा निघणार हे तिला न बघता माहीत होतं. साहेब रामजीचं ऐकेल का, तातेरावानं आधीच कान भरले असतील का, गुरुजी खिडकीतून काय बघतात, असं एक ना दोन चालू होतं. आणि अचानक तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शिट्टी ऐकू येत नव्हती.

तिनं वळून बघितलं. रामजी खांबावरून घसरून फरशीवर आडवा झाला होता. सरळ, पाय लांब करून, तोंड उघडं. तिनं हात त्याच्या नाकापुढं धरला. विश्वास बसेना म्हणून छातीवर ठेवला. छाती वर झाली, खाली गेली. पुन्हा वर झाली. तो झोपला होता. पाठीवर आडवा झोपला होता.

ती तशीच बसून राहिली. कोंडीबा पाणी घेऊन आला आणि दारातच थांबला. तिनं ओठांवर बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

साहेब शंकरसिंगाला घेऊन आला. गडी निजलेला बघून त्यानं आधी जनकाबाईकडं बघितलं, मग मान वर करून बाणाकडं, मग पुन्हा रामजीकडं. हा असा आडवा होत नाही हे त्यानं अंगणात इतके दिवस बघितलं होतं. त्याला सांगावं लागलं नाही. जे सांगायला रामजी आला होता तेही सांगायचं राहून गेलं.

"साहेब," जनकाबाई हळूच म्हणाली, "एक ऐकता का? तेवढं यंत्र बंद करा. आवाजानं उठंल."

शंकरसिंग साहेबाच्या तोंडाकडं बघू लागला. यंत्र मधेच बंद केलं तर त्या दिवसाचा कागद बाद होतो, हे त्याला माहीत होतं. साहेबानं पायातले बूट काढून हातात घेतले, जिना चढून तो स्वतः वर गेला आणि यंत्र बंद केलं.

रामजी दुपार कलंडेपर्यंत झोपला. मग कोंडीबानं त्याला पाठीवर घेतलं आणि तिघं वाऱ्याबरोबर घराकडं निघाले.